शरद ऋतूतील शालेय रोपवाटिका

(इयत्ता तिसरी ते पाचवीच्या परिसर अभ्यासास पूरक पाठ)

आषाढात वृक्षारोपणाचा समारंभ बहुतेक शाळांत उत्साहाने पार पडतो. १९५० साली देशात वनमहोत्सव सुरू झाला, तेव्हापासून ही प्रथा रुजली आहे. परंतु रोप जगणार की मरणार याचा निकाल आषाढात लागत नाही; तो आश्विन-कार्तिकात लागतो. नाशिक परिसरातून मोसमी पाऊस साधारणतः ऑक्टोबरच्या पूर्वार्धात माघार घेतो. आकाश निरभ्र होते, ऊन तापते, जमिनीचा वरचा थर वाळतो आणि नव्या रोपांची मुळे अद्याप खोल गेलेली नसतात. याच सुमारास दिवाळीच्या सुटीसाठी शाळा बंद होते. सुटीनंतर परतलेल्या मुलास आपल्या हातांनी लावलेले रोप वाळलेले दिसले, तर वृक्षारोपण हा एका दिवसाचा देखावा असतो, हाच धडा ते शिकते. तो धडा पुढे पुसणे कठीण जाते. म्हणून शरद ऋतूतील रोपवाटिकेची कामे हा स्वतंत्र पाठ समजून शिकवावा.

१. परिसराचे अवलोकन

नाशिक रोडच्या भोवतालच्या पळसे, शिंदे यांसारख्या गावांतील मुलांना या ऋतूतील कामे घरातूनच परिचित असतात. पाठाचा आरंभ त्यांच्याच माहितीपासून करावा. घरी कांद्याचे रोप कोण टाकते, द्राक्षाची छाटणी केव्हा झाली, हे त्यांना विचारावे. रब्बी कांद्याचे बी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये गादीवाफ्यावर पेरतात आणि सुमारे सात-आठ आठवड्यांनी रोपांची पुनर्लागण करतात. गादीवाफा उंच का करतात, हा प्रश्न अवश्य विचारावा. सपाट वाफ्यात पाणी साचते, बुरशी वाढते आणि कोवळी रोपे जमिनीलगत कुजून कोलमडतात, हे उत्तर एखादा विद्यार्थी अनुभवानेच देईल.

सप्टेंबर-ऑक्टोबर हा द्राक्षाची कलमे करण्याचाही काळ होय. पाण्याचा ताण व क्षार सहन करणाऱ्या डॉगरिज या जातीच्या खुंटावर थॉमसन सीडलेससारख्या जातीची काडी पाचर कलमाने बसवितात. मुळे एका जातीची आणि फळ दुसऱ्या जातीचे, ही गोष्ट मुलांना मोठी नवलाची वाटते. शक्य असल्यास गावातील एखाद्या बागाईतदारास हे काम दाखविण्याची विनंती करावी.

२. शाळेच्या रोपवाटिकेतील कामे

(अ) पिशव्या हलविणे. पावसाळ्यात रोपांची मुळे पिशवीच्या छिद्रांतून खालच्या जमिनीत शिरतात. पिशव्या उचलून बाहेर आलेली मुळे कापावीत, रोपांना पाणी द्यावे आणि काही दिवस ती सावलीत ठेवावीत. हे काम लांबणीवर टाकल्यास पुढे रोप उचलताना मुख्य मूळच तुटते.

(आ) गुलाबाची छाटणी. मोगल काळात नाशिकला गुलशनाबाद, म्हणजे फुलबागांचे नगर, असे नाव होते. या नगराच्या परिसरातील शाळेत गुलाबाचे एक तरी झाड असावे. ऑक्टोबरमध्ये वाळक्या व रोगट फांद्या काढून चार-पाच जोमदार फांद्या राखाव्यात. बाहेरच्या बाजूस असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरपा काप घ्यावा. कात्री शिक्षकांनीच चालवावी. छाटणीनंतर साधारणतः दीड महिन्याने फुले येतात. मुलांनी छाटणीची तारीख लिहून ठेवावी आणि पहिले फूल उमलेपर्यंतचे दिवस मोजावेत.

(इ) बी जमविणे. झेंडू, तेरडा, झिनिया यांचे पक्व बी सावलीत वाळवून कागदी पुड्यांत भरावे. प्रत्येक पुडीवर नाव व तारीख लिहावी. तेरड्याची पक्व बोंडे स्पर्श होताच फुटून बी उडवितात. हा प्रयोग मुलांनी स्वतः करावा. पुढील हंगामात पेरणीपूर्वी ओल्या फडक्यात २० बिया गुंडाळून ठेवाव्यात. त्यांपैकी १७ रुजल्या तर शेकडा किती, हे गणित फळ्यावर सोडवावे. शेकडेवारीचा याहून सार्थ धडा सहसा सापडणार नाही.

३. ऋतूचा आनंद आणि त्यामागील शास्त्र

शरदातील बाग केवळ कामाची जागा नव्हे. सकाळी लवकर शाळेत येणाऱ्या मुलांना पारिजातकाखाली केशरी देठांच्या फुलांचा सडा दिसतो. ओल्या वाफ्यांतून शेपटी हलवीत चालणारा करडा धोबी हा हिवाळी पाहुणाही याच सुमारास येतो. प्रथम पाहणाऱ्या मुलाचे नाव व तारीख फळ्यावर लिहावी. पुढील वर्षी तीच तारीख पडताळून पाहावी.

शेवंती याच ऋतूत कळ्या का धरते, हे जाणून घेणे उद्बोधक आहे. नाशिक सुमारे २० उत्तर अक्षांशावर आहे. येथे जूनअखेरीचा दिवस सुमारे १३ तास २० मिनिटांचा, तर डिसेंबरअखेरीचा सुमारे ११ तासांचा असतो. दिवसाच्या लांबीचा फुलण्याशी असलेला हा संबंध गार्नर व ॲलार्ड या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९२० साली प्रसिद्ध केला. रात्र पुरेशी लांब झाल्याखेरीज शेवंती कळ्या धरीत नाही. शेवंतीची एक कुंडी रात्रभर जळणाऱ्या दिव्याखाली व दुसरी अंधारात ठेवून फरक पाहावा. दिनदर्शिकेतील सूर्योदय व सूर्यास्ताच्या वेळांवरून दिवसाची लांबी काढण्याचे काम चौथी-पाचवीच्या मुलांना सहज जमेल.

४. दिवाळीच्या सुटीची तरतूद

सुटी लागण्यापूर्वी एक आठवडा पुढील गोष्टी कराव्यात.

पिशव्यांतील रोपे झाडाच्या सावलीत एकमेकांस लागून मांडावीत, म्हणजे त्यांतील ओल टिकते. जमिनीत लावलेल्या रोपांभोवती वाळलेल्या गवताचे व पालापाचोळ्याचे चार बोटे जाडीचे आच्छादन घालावे. ते बुंध्यास मात्र चिकटू देऊ नये. प्रत्येक रोपाशेजारी न रंगविलेले मातीचे मडके गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरावे व झाकण ठेवावे. त्यातून पाणी मुळांपाशी हळूहळू पाझरते आणि झाकणामुळे डासांची पैदास होत नाही. नवे मडके न मिळाल्यास उन्हाळ्यात वापरलेला माठही चालतो.

याखेरीज शाळेजवळ राहणाऱ्या मुलांच्या पाळ्या लावाव्यात. एका मुलाकडे सर्व सुटीचे काम सोपवू नये. दोन मुलांची जोडी आणि चार दिवसांची पाळी पुरेशी होते. पाळीचा तक्ता पालकांना दाखवून त्यांची संमती घ्यावी. सणाच्या दिवसांत गावी जाणाऱ्या मुलांवर पाळी ठेवू नये. विहिरीवरून वा ओढ्यावरून पाणी आणण्याचे काम मुलांना देऊ नये. पाणी शाळेच्या टाकीतच भरून ठेवण्याची व्यवस्था शिक्षकांनी करावी.

५. स्वाध्याय

(१) आपल्या शाळेत आषाढात किती रोपे लावली? त्यांपैकी सुटीपूर्वी किती व सुटीनंतर किती जिवंत आहेत? शेकडेवारी काढा.
(२) जे रोप वाळले, त्याचे कारण शोधा : पाणी, गुरे, वाळवी की तुटलेले मूळ?
(३) आच्छादन घातलेल्या व न घातलेल्या रोपाखालची माती हातात घेऊन ओल ताडून पाहा.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर दर वर्षी शाळेच्या नोंदवहीत लिहून ठेवावे. आकडा कमी आला तरी तो आहे तसाच लिहावा. किती रोपे लावली यापेक्षा किती जगविली, हे मोजण्याची सवय मुलांना लागली, म्हणजे या पाठाचा उद्देश सफल झाला असे समजावे.