सर्व्हर स्लो आहे? आधी मोजा!

मित्रांनो, विरारहून चर्चगेटला पोचायला उशीर झाला की आपण लगेच लोकलला शिव्या घालतो. पण वेळ कधी रिक्षाच्या रांगेत जातो, कधी गाडीत, तर कधी उतरल्यावर चालण्यात. प्रत्येक टप्पा वेगळा मोजल्याशिवाय दोष कुणाचा ते कळत नाही. स्टोरेज सर्व्हरचंही अगदी तसंच आहे.

आमच्या प्रोजेक्ट ग्रुपने एका जुन्या पीसीवर लिनक्स टाकून सर्व्हर केला होता. त्यावरच्या फाइल आम्ही एनएफएसने वाचायचो. (सन मायक्रोसिस्टीम्सने १९८४ मध्ये आणलेली ही पद्धत आजही वापरात आहे.) सबमिशनच्या आठवड्यात ८ जीबीची एक फाइल उतरवायला बारा मिनिटं लागायला लागली, म्हणजे सेकंदाला साधारण ११ एमबी. सगळ्यांचं एकच मत पडलं, "डिस्क म्हातारी झाली!" नव्या डिस्कसाठी वर्गणीही ठरली. पैसे काढण्याआधी मी म्हटलं, एकदा मोजून तर बघू.

पहिला टप्पा डिस्कचा. सर्व्हरवरच बसून 'डीडी' कमांडने एक फाइल वाचली. वेग आला सेकंदाला २ जीबी! मी खूश. पण एवढ्या वेगाने साधी हार्ड डिस्क वाचूच शकत नाही. झालं असं होतं, की ती फाइल नुकतीच वापरलेली असल्याने लिनक्सने रॅममध्ये ठेवली होती. म्हणजे मी डिस्क नाही, रॅम मोजली. सर्व्हरची रॅम ४ जीबी, म्हणून दुसऱ्यांदा १६ जीबीची फाइल घेतली. आता आले १४० एमबी. म्हणजे डिस्क ठणठणीत!

दुसरा टप्पा नेटवर्कचा. 'आयपर्फ' हा प्रोग्राम डिस्कला हात न लावता फक्त दोन मशीनमधला वेग मोजतो. उत्तर आलं ९४ मेगाबिट. आठाने भागा, बारा एमबीच्या आतच. चोर इथेच होता. 'एथटूल'ने पाहिलं तर लिंक १००० ऐवजी १०० वर चाललेली. नेटवर्क केबलमध्ये तारांच्या चार जोड्या असतात. १९९९ च्या स्टँडर्डनुसार गिगाबिटला चारही लागतात, १०० मेगाबिटला दोनच पुरतात. त्यामुळे एखादी जोडी तुटली तर बरीच कार्डं गुपचूप १०० वर उतरतात. काम बंद पडत नाही, म्हणून संशयही येत नाही. टोकाचा कनेक्टर कापून नवा क्रिंप केला आणि वेग ११० एमबीवर गेला. वर्गणी वाचली!

तरीही हजारो छोट्या फोटोंचा फोल्डर रडतखडतच उघडायचा. इथे मात्र डिस्कचा संबंध होता. ७२०० आरपीएमच्या डिस्कला एक फेरी घ्यायला ८.३ मिलिसेकंद लागतात. डोकं सरकणं आणि सरासरी अर्धी फेरी धरली तर दर वाचनाला बारा-तेरा मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाला जेमतेम ऐंशी वाचनं. प्रत्येक वाचन ४ केबीचं असेल तर हाती पडतात फक्त ३२० केबी! आम्ही सगळे फोटो एका टार फाइलमध्ये बांधले आणि प्रश्न सुटला.

तेव्हा दोस्तांनो, क्रम लक्षात ठेवा : आधी डिस्क एकटी, मग नेटवर्क एकटं, मग दोन्ही मिळून. पाकिटाला हात त्यानंतरच घाला!