गोरेपणाच्या मलमातील पारा

वऱ्हाडात वैशाखाचे ऊन आणि लग्नसराई बरोबरच येतात. उन्हाने काळवंडलेला चेहरा चार दिवसांत उजळविण्याचे आश्वासन देणाऱ्या मलमांचा मोह अशा वेळी अनेकांना पडतो. परंतु ही उजळी काही वेळा मूत्रपिंडाच्या मोलाने मिळते, हे अकोल्यातील एका घटनेने दाखवून दिले आहे. एकाच कुटुंबातील तीन महिलांना मूत्रपिंडाचा विकार जडल्याचे 2023 च्या प्रारंभी उघडकीस आले. तिघीही गोरेपणाचे एकच मलम वापरीत होत्या आणि तपासणीत त्या मलमात पारा आढळला.

ही घटना एकाकी नाही. केरळातील कोट्टक्कल येथे जुलै 2021 ते सप्टेंबर 2023 या काळात मूत्रपिंडाच्या एका विशिष्ट विकाराचे 22 रुग्ण नोंदले गेले. त्यांपैकी 13 जण गोरेपणाची मलमे वापरीत होते.

पारा कसे कार्य करतो?

त्वचेचा वर्ण मेलॅनिन या रंगद्रव्यावर अवलंबून असतो. ते तयार करणारे विकर पारा निष्प्रभ करतो. त्यामुळे त्वचा खरोखरच उजळते. धोका नेमका येथेच आहे. गुण आलेला पाहून वापर वाढतो आणि शेजारीपाजारीही तेच मलम आणतात. दरम्यान पारा त्वचेतून रक्तात उतरतो व मूत्रपिंडात साठतो. मूत्रपिंडाची गाळणी बिघडली की शरीराला आवश्यक असलेली प्रथिने लघवीवाटे वाहून जातात. लघवीस फेस येणे, पाय व डोळ्यांभोवती सूज येणे ही त्याची लक्षणे होत. एकाच टॉवेलच्या वापराने अथवा स्पर्शाने हा पारा घरातील मुलांपर्यंत पोहोचू शकतो; गर्भवतीच्या शरीरातून तो गर्भातही जातो.

कायदा काय सांगतो?

भारतात सौंदर्यप्रसाधने नियम, 2020 अन्वये प्रसाधनांत पाऱ्याची संयुगे वापरण्यास मनाई आहे. नकळत राहिलेल्या पाऱ्याचे प्रमाणही दशलक्ष भागांत एका भागापेक्षा अधिक असता कामा नये; केवळ डोळ्यांच्या प्रसाधनांसाठी ही मर्यादा वेगळी आहे. वेष्टनावर उत्पादकाचे नाव व पत्ता, परवाना क्रमांक, बॅच क्रमांक, घटकद्रव्ये आणि वापराची अंतिम मुदत छापणे बंधनकारक आहे. सुट्या डबीतून, चिठ्ठीविना विकले जाणारे मलम या कसोटीस उतरत नाही. घटकांत ‘कॅलोमेल’ अथवा ‘मर्क्युरी’ हे शब्द दिसल्यास ते मलम वापरू नये.

गावपातळीवर काय करता येईल?

शिक्षकांनी वरच्या वर्गांतील मुलामुलींना वेष्टन वाचण्यास शिकवावे. ग्रामपंचायत सदस्यांनी महिला ग्रामसभेत हा विषय मांडावा व बाजाराच्या दिवशी अशा डब्या विकल्या जात असल्यास अन्न व औषध प्रशासनास कळवावे. सूज आलेल्या रुग्णास आशा कार्यकर्तीने मलमाविषयी आवर्जून विचारावे आणि लघवीतील प्रथिनांच्या तपासणीसाठी प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. संशयित मलमाचा वापर तत्काळ थांबवावा. मात्र डबी फेकून न देता वेष्टनासह डॉक्टरांना दाखवावी.

मलम वेळीच बंद केल्यास व योग्य उपचार मिळाल्यास बहुतेक रुग्ण सुधारतात. म्हणूनच डॉक्टरांपाशी मलमाची गोष्ट संकोचाने लपवून ठेवणे हिताचे नाही. रापलेली त्वचा हा आजार नव्हे. तिच्यावरील असा उपाय मात्र आजारास कारण ठरू शकतो.