गेम प्रोग्रामिंगचे शिक्षण आणि रॅपर लायब्ररी

संगणकीय खेळ तयार करण्याची इच्छा मुलाने बोलून दाखवली की हा अभ्यास आहे की खेळण्याचेच नवे निमित्त, अशी शंका पालकांच्या मनात येते. आणि ती सर्वस्वी निराधार नसते, कारण तयार गेम इंजिनात चित्रे सरकवून चार दिवसांत काहीतरी हलते-बोलते करता येते आणि तेवढ्यावरच प्रोग्रामिंग आल्याचा समज होऊ शकतो. हा समज पारखून घेण्याची चांगली जागा इंजिनाच्या एक पायरी खाली, मल्टिमीडिया लायब्ररीत सापडते.

या क्षेत्रातील एक पायाभूत लायब्ररी म्हणजे सॅम लँटिंगा यांनी १९९८ मध्ये सुरू केलेली एसडीएल. विंडोज, मॅकओएस, लिनक्स, अँड्रॉइड अशा भिन्न प्रणालींवर खिडकी उघडणे, कळफलकाची नोंद घेणे, आवाज वाजवणे ही कामे एकाच पद्धतीने करता यावीत, हा तिचा हेतू आहे. ती सी भाषेत लिहिलेली असल्यामुळे स्मृतीसारखे जे जे साधन प्रणालीकडून मागून घेतले, ते ते परत करण्याची जबाबदारी प्रोग्रामरवर राहते. हा भार हलका करण्यासाठी दुसऱ्या भाषेत तिच्यावर जो सोयीचा थर चढवला जातो, त्याला रॅपर लायब्ररी म्हणतात. पायथॉनमधील पायगेम हे याचे प्रसिद्ध उदाहरण. आधुनिक सी++ मधील रॅपर एका नियमावर उभे असतात: वस्तू निर्माण होताना साधन मिळवायचे आणि ती वस्तू नष्ट होताना ते आपोआप मुक्त व्हायचे.

या नियमाचे मोल आकड्यांत पाहणे उद्बोधक ठरते. १९२० गुणिले १०८० बिंदूंचे एक पार्श्वचित्र, प्रत्येक बिंदूस ४ बाइट धरल्यास, स्मृतीत सुमारे ८३ लाख बाइट व्यापते. नवशिक्याने ते चित्र खेळाच्या मुख्य आवर्तनात, म्हणजे सेकंदाला ६० वेळा, पुनःपुन्हा उघडले आणि मुक्त केले नाही, तर दर सेकंदाला जवळजवळ ५० कोटी बाइट अडकून पडतात आणि ८ जीबी स्मृतीचा संगणक अर्ध्या मिनिटाच्या आत गुदमरतो. रॅपर वापरल्यास ही गळती थांबते, परंतु चित्र दर वेळी डिस्कवरून वाचण्याचा अपव्यय तसाच चालू राहतो आणि एका आवर्तनास मिळणाऱ्या साधारण १६.७ मिलिसेकंदांत काम न आटोपल्याने खेळ अडखळू लागतो. अर्थात, रॅपर एक चूक निस्तरतो आणि दुसरी नजरेआड करतो. ती दुसरी चूक स्वतः शोधू शकणारा विद्यार्थीच या व्यवसायास लागणारा प्रोग्रामर होय.

म्हणून शिकण्याचा क्रम पायगेमपासून सुरू करून सी++ कडे न्यावा आणि एखादा छोटा खेळ रॅपरविना, थेट सी भाषेतील एसडीएलवर, एकदा तरी पूर्ण करावा. धडे एसडीएलच्या कोणत्या आवृत्तीचे आहेत, हे आधी तपासणे आवश्यक आहे, कारण एसडीएलची तिसरी पिढी जानेवारी २०२५ मध्ये स्थिर स्वरूपात आली असून तिच्यातील अनेक नावे बदलली आहेत. जुन्या धड्यातील कोड चालला नाही, तर दोष विद्यार्थ्याचाच असेल असे नाही.

रोजगाराच्या बाबतीत मात्र अवाजवी आशा नको. पुण्यात २००८ पासून युबिसॉफ्ट या गेम कंपनीचा स्टुडिओ आहे हे खरे, पण या उद्योगात प्रकल्प हलतात: ‘प्रिन्स ऑफ पर्शिया: द सँड्स ऑफ टाइम’च्या नव्या आवृत्तीचे पुणे-मुंबईतील काम २०२२ मध्ये माँट्रियलकडे गेले. त्यामुळे संगणकशास्त्राची पदवी सोडून केवळ गेमच्या प्रमाणपत्रावर विसंबणे शहाणपणाचे नाही. सी++, स्मृतिव्यवस्थापन आणि वेळेच्या मर्यादेत चालणारा कोड यांची मागणी वाहनांतील पडदे, वैद्यकीय प्रतिमा आणि प्रशिक्षणाचे सिम्युलेटर येथेही असते. खेळाची कल्पना व नियम रचण्याकडे ज्याचा ओढा आहे, त्याची वाट मात्र वेगळी. त्याने राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या (एनआयडी) बंगळुरू केंद्रातील डिजिटल गेम डिझाइनसारख्या अभ्यासक्रमाची माहिती घ्यावी.

खर्चाची चिंता तुलनेने लहान आहे. एसडीएलचा झेडलिब परवाना खेळ विकण्यासही मुभा देतो, त्यासाठी शुल्क मागत नाही. आणि द्विमितीय खेळ लिहिण्यास घरातील साधा लॅपटॉप पुरतो, त्यामुळे महागड्या गेमिंग लॅपटॉपची मागणी पहिला खेळ पूर्ण होईपर्यंत पालकांनी निःशंकपणे पुढे ढकलावी.