प्लास्टर निघालं, पुढे काय?

पावसाळा लागला की आमच्या ओपीडीत एक दुखणं हमखास वाढतं. ओल्या फरशीवर पाय सटकतो, तोल सावरायला हात टेकला जातो आणि मनगटाजवळचं हाड मोडतं. पाळी गेल्यानंतर हाडं ठिसूळ होत जातात, त्यामुळे पन्नाशीपुढच्या बायकांत हे जास्त दिसतं. डब्लिनचे सर्जन अब्राहम कॉलिस यांनी १८१४ मध्ये या फ्रॅक्चरचं वर्णन केलं, एक्स-रेचा शोध लागण्याच्या ८१ वर्षं आधी! हाताला बाक राहिला तरी पुढेमागे सगळ्या हालचाली परत येतात, असंही त्यांनी लिहून ठेवलंय. पुष्कळदा तसं होतंही, पण हात जपून बसणाऱ्यांच्या बाबतीत नाही.

साधारण पाच-सहा आठवड्यांनी प्लास्टर निघतं आणि हात बघून पेशंट घाबरतो. कातडीचे पापुद्रे सुटलेले, दंडापासून खालचा भाग वाळलेला, बोटं सुजलेली. मूठ वळत नाही. सगळ्यात अडतं ते तळहात वर करताना. तीर्थ घ्यायला ओंजळ धरता येत नाही, तोंडावर पाणी मारता येत नाही. हाड जुळलेलं असतं. आखडलेले असतात सांधे आणि स्नायू.

म्हणून व्यायाम प्लास्टरच्या पहिल्या दिवसापासूनच. प्लास्टर मनगटाला आहे, बोटांना नाही. दर तासा-दोन तासांनी मूठ पूर्ण वळा, पूर्ण उघडा, अंगठा प्रत्येक बोटाच्या टोकाला लावा. दिवसातून चार वेळा हात झोळीतून काढून कोपर वाकवा-सरळ करा, हात डोक्यावर नेऊन आणा. झोळीत हात ठेवून बसल्यामुळे खांदा आखडलेल्या पेशंटना मनगटापेक्षा खांद्यानेच जास्त काळ छळलेलं मी पाहिलंय. बसताना-झोपताना हात उशीवर उंच ठेवा, सूज उतरते.

प्लास्टर निघाल्यावर डॉक्टरांनी हिरवा कंदील दाखवला की हात दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवून सुरुवात करा. छातीपुढे नमस्कार करायचा आणि तळवे न सोडता हात हळूहळू खाली न्यायचे. मग उलटा नमस्कार: हातांच्या पाठी एकमेकींना टेकवायच्या, बोटं जमिनीकडे. तिसरा व्यायाम माझा आवडता. कोपर कमरेला चिकटवून मुठीत लाटणं उभं धरा आणि ते एकदा आत, एकदा बाहेर आडवं करा. कोपर सुटलं की खांदा लबाडी करतो आणि मनगट तसंच राहतं! प्रत्येक प्रकार दहा वेळा, दिवसातून चार-पाचदा. ताकदीचे व्यायाम नंतर: आधी मऊ चेंडू दाबणं, मग कणीक मळणं. भरलेली बादली इतक्यात नको.

दुखणार, हे गृहीत धरा. व्यायामानंतरचा ठणका तासाभरात उतरला तर ठीक. दुसऱ्या दिवशी सकाळीही ठणका आणि सूज असेल तर व्यायाम निम्मा करा, बंद नको.

फिजिओथेरपी म्हणजे शेक आणि मशीन, असा समज घट्ट बसलाय. मेणाच्या शेकाने हात सैल होतो हे खरं, पण तो सैल असतानाच हलवायचा असतो. शेक घेऊन घरी जाऊन टीव्ही लावला तर पैसे वाया. तेल लावून मनगट जोरात चोळणाऱ्या, ‘कट्कन बसवून देतो’ म्हणणाऱ्यांपासून तर लांबच राहा.

प्लास्टरमध्ये वेदना वाढत चालल्या, बोटं बधिर किंवा निळी पडली, तर लगेच दवाखाना गाठा, रात्र असली तरी. हात लालसर-चकचकीत होऊन आग होत असेल, नुसता पदर लागलेला सोसत नसेल, किंवा अंगठा अचानक वर उचलेनासा झाला, तरीही दाखवाच. हे व्यायामाने बरं होईल म्हणून थांबू नका.

साध्या पडण्याने मनगट मोडलं असेल तर हाडांची घनता तपासणारी डेक्सा चाचणी करून घ्या. पुढचं फ्रॅक्चर खुब्याचं असू शकतं. आणि तोल सुधारायचा असेल तर ओट्याला धरून रोज एका पायावर उभं राहा, मग दुसऱ्यावर. जमू लागलं की आधाराला एकच बोट ठेवा. डोळे मिटून करण्याचा उत्साह मात्र नको.