चढण मागाहून येते

पोरी, तुमच्या ऑफिसातली मंडळी दिवाळीनंतर मेळघाटात पायी हिंडायला येताहेत आणि त्यांना सांभाळायचं काम तुझ्याकडे आलं, हे ऐकून मला फार बरं वाटलं. आपल्या अमरावती-अकोल्याच्या माणसाला डोंगर म्हटलं की सह्याद्री आठवतो, हिमालय आठवतो. पण अचलपूरच्या गच्चीवरून उत्तरेला दिसणारी सातपुड्याची निळी भिंत कितीक जणांनी पायाखाली घातलेली नसते. आत्या म्हणून जे सांगावंसं वाटतं ते सांगते.

सगळ्यात आधी आपल्या डोंगराचा स्वभाव समजून घे. शहानूरहून नरनाळ्यावर चढायचं तर सकाळी अंगात जोर असताना चढ आणि थकल्यावर उतार. ते सोपं गणित आहे. चिखलदऱ्याला मात्र उलटं होतं. अचलपूर समुद्रसपाटीपासून 400 मीटरच्याही खाली, चिखलदरा 1118 मीटरवर आणि ही सगळी उंची गाडीच चढते. माणसं वर उतरतात, थंड हवा लागते, खुशीत येतात आणि दरीकडे जाणाऱ्या वाटेने भराभरा खाली निघतात. परतीची चढण त्यांच्या वाट्याला येते ती दुपारी, उन्हात, रिकाम्या बाटलीनिशी. म्हणून दरीत उतरताना हिशेब असा ठेव, की उतरायला एक तास लागला तर चढायला दोन. निम्म्याहून जास्त पाणी परतीसाठी राखायचं. आणि ज्याचे गुडघे उतरतानाच कुरकुरायला लागले, त्याला तिथूनच एका सोबत्याबरोबर माघारी वळवायचं. तो रागावला तरी चालेल. खाली गेल्यावर त्याला उचलून आणायला कुणी नसतं.

गाइड घ्यायचाच. व्याघ्र प्रकल्पाच्या हद्दीत कुठे पायी जाता येतं आणि कुठे नाही, ते वनखात्याच्या फाटकावर आधी विचारून घे. परवानगी नसलेल्या वाटेवर एक पाऊलही टाकू नकोस. देशात 1973-74 मध्ये पहिले नऊ व्याघ्र प्रकल्प झाले, त्यात आपला मेळघाट होता. ते रान नीट राहिलं म्हणून आज तुम्हाला पाहायला मिळतंय. गाइड बहुतेक जवळच्या गावचा, बऱ्याचदा कोरकू. वयाने मोठा असेल तर मामा म्हण, बरोबरीचा असेल तर दादा. पैसे किती ते निघण्याआधी ठरव, आणि परतल्यावर त्याला ताटकळत न ठेवता हातात दे. त्याची शिदोरीही तुमच्या शिदोरीत धर.

पण गाइड आहे म्हणजे आपण मोकळे, असं धरून चालू नको. रान तो ओळखतो, तुझी माणसं तू ओळखतेस. कुणाला साखरेचा त्रास, कुणाला दम लागतो, कुणाला उंचावर गरगरतं, हे निघण्याआधी त्याला बाजूला घेऊन सांग. मग तो पुढे चालेल, तू शेवटी. तुझी जागा शेवटचीच. पुढच्याची चाल सगळ्यांना दिसते. मागे राहिलेल्याचे हाल फक्त मागे असलेल्यालाच दिसतात. सगळ्यात हळू चालणाऱ्याला गाइडच्या पाठोपाठ दुसऱ्या नंबरवर ठेव, म्हणजे रांग आपोआप त्याच्या चालीने चालते. फाटा आला की मागचा माणूस दिसेपर्यंत पुढच्याने हलायचं नाही. हा एक नियम सगळ्यांनी पाळला तर माणूस हरवत नाही.

तरीही कुणी चुकलाच, तर काय करायचं हे निघण्याआधीच सगळ्यांना सांगून ठेव. नाल्याच्या पाण्यामागे गेलं की गाव लागतं, असं लोक सांगतात. आपल्या डोंगरात ते ऐकू नये. चिखलदऱ्याच्या माथ्यावरून दक्षिणेकडे वाहणारी चंद्रभागा वऱ्हाडात येऊन पूर्णेला मिळते, पण वाटेत कडे आहेत. आणि माथ्याच्या पलीकडे पडलेलं पाणी सिपना, गाडगा, खंडू, खापरा या नद्यांनी तापीकडे जातं, म्हणजे आणखी दाट जंगलात. पाण्यामागे गेलेला माणूस गावापासून दूर दूर जातो. वाट चुकल्याचं कळलं तिथेच थांबायचं, झाडाखाली बसायचं, शिट्टी वाजवायची. प्रत्येकाच्या गळ्यात शिट्टी असू दे. दहा-वीस रुपयांची वस्तू, पण फोनला रेंज नसते तिथे तीच उपयोगी पडते.

गाविलगडासाठी अख्खी सकाळ राख. दक्षिणेकडून, वऱ्हाडाच्या बाजूने, त्याचे कडे पाहिले की वाटतं इथे कोण चढणार. उत्तरेला मात्र तो पठाराला जोडलेला आहे, म्हणून चिखलदऱ्याहून चालत जाता येतं. हीच गोष्ट इंग्रजांनी हेरली. 29 नोव्हेंबर 1803 ला आपल्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावची लढाई झाली, आणि मग वेलस्ली दक्षिणेला थांबला, स्टीव्हन्सनची फौज डोंगराला वळसा घालून उत्तरेकडून आली. वाट नव्हती. सैनिकांनी आधी रस्ता केला आणि मग तोफा हातांनी ओढत नेल्या. 15 डिसेंबरला गड पडला. तुझ्या मंडळींना हे गडाच्या आत, सावलीत बसवून सांग. बाहेरचा गड आणि आतला गड यांच्या मधे घळ आहे, तिथे उभं राहिलं की लढाई कळते. आत गवत माजलेलं असतं, पडक्या भिंती आणि खड्डे त्यात दडतात. गाइडच्या पावलावर पाऊल.

नरनाळ्याचा महाकाली दरवाजा घाईत बघू देऊ नकोस. 1487 सालचा, बहामनी काळातला. त्याचे झरोके आणि दगडातली अक्षरं पाहायला मान वर करावी लागते, म्हणून चालता चालता पाहू नये, थांबून पाहावं. वर शक्कर तलाव आहे. पाणी छान दिसलं तरी पिऊ नये, आपलं आपण न्यावं.

जुन्या तटांवर, कड्यांवर आग्या मोहोळ असतं. त्या दिवशी अत्तर, सेंट काही लावायचं नाही, शेकोटी-विडी नाही, दगड फेकणं तर अजिबात नाही. माशा उठल्याच तर हात झटकू नये. दुपट्ट्याने तोंड-मान झाकून तिथून लांब निघावं. दुपट्टा प्रत्येकाकडे हवाच, वऱ्हाडात ऊन टोपीने थांबत नाही.

वाघाची भीती सगळ्यांना, पण पायी चालणाऱ्याने काळजी करायची ती अस्वलाची. बोरं पिकली की ते बोरीखाली येतं, उन्हाळ्यात मोहाखाली. जवळ येईपर्यंत त्याला माणसाचा पत्ता लागत नाही आणि मग ते घाबरून अंगावर येतं. म्हणून अगदी चिडीचूप चालू नये, हळू आवाजात बोलत राहावं. गाणी मोठ्याने लावायची नाहीत, ते वेगळं. लघवीलाही एकट्याने आडबाजूला जायचं नाही. कुणीतरी पाठ करून उभं राहायचं. लाजू नये त्यात.

दिवाळीनंतर खाजकुहिलीच्या शेंगा वाळायला लागतात. मखमली दिसतात, पोरं हात लावतात आणि मग रात्रभर खाजवत बसतात. गाइडला ती वेल पहिल्याच दिवशी सगळ्यांना दाखवायला सांग. गवतातून आल्यावर पोटऱ्या आणि कंबर पाहायची, गोचीड तिथे चिकटते.

खाण्याचं म्हणशील तर पाकिटातलं कमी आण. दशम्या दोन दिवस टिकतात. सोबत लसणाची चटणी, गूळ आणि फल्लीदाणे. आंबिया बहाराची संत्री तेव्हा बाजारात असतात, माणशी दोन धर. चढणीवर संत्र्याची फोड तोंडात असली की माणूस कमी धापा टाकतो, हा माझा अनुभव. सालं पिशवीत परत आणायची, प्लास्टिक तर आणायचंच. साखर-मिठाचं पाणी एका बाटलीत वेगळं.

बूट नवे नकोत. निघायच्या आदल्या दिवशी सगळ्यांना पायाची नखं कापायला लाव, उतारावर बोटं बुटाच्या टोकाला धडकतात आणि नखं काळी पडतात. टाच चुरचुरायला लागली की त्याच क्षणी थांबून पट्टी लावायची. फोड आल्यावर लावून उपयोग नाही. सागाची वाळकी पानं उतारावर पायाखालून सरकतात, खाली मुरूम असला तर जास्तच. तिथे पाऊल आडवं टाकायचं आणि बांबूची काठी खालच्या बाजूला टेकायची.

आणि चारही दिवस चालण्याने भरू नकोस. पहिल्या दिवशी गाविलगड, दुसऱ्या दिवशी पोटऱ्या भरून येतील तेव्हा सेमाडोह-कोलकासला गाडीने जा, सिपनेच्या काठी बसा. दरीची वाट तिसऱ्या दिवशी. नरनाळा शेवटी ठेव, म्हणजे सरळ अकोटला उतरून अकोल्याहून रेल्वे पकडता येईल. शहानूरला फोन लागेल याची खात्री नाही, तेव्हा संध्याकाळी अकोटला पोचलीस की तिथून मला फोन कर.