आपली भाजी आपण विकू

गुरुवारी बारामतीचा बाजार, रविवारी इंदापूरचा. हे आपल्या भागात कोणाला सांगायला नको. तेलमीठ घ्यायला, कपडालत्ता घ्यायला आपण सगळे जातो. पण आपल्या रानातली भाजी घेऊन तिथे विकायला बसणारे किती? थोडे.

आपल्याकडे नीरा डाव्या कालव्याचे पाणी 1885 सालापासून आहे. त्या पाण्यावर ऊस होतो. ऊस कारखान्याला जातो, तो काही पाटीत घालून विकायचा नाही. पण उसाच्या कडेला दोन-चार गुंठे मेथी असते, वांगी असतात, बांधावर शेवगा असतो. जिरायती गावातही विहिरीपुरती भाजी होते. ही भाजी बहुतेक जण टेंपोत घालून अडत्याकडे धाडतात. संध्याकाळी हातात एक कागद येतो. त्याला पट्टी म्हणतात.

आता तुम्हाला वाचता येते. तेव्हा पहिल्याने ती पट्टीच वाचा. वर मालाचे नाव असते. मग नग किंवा वजन. मग दर. खाली वजा रकमा असतात. हमाली, तोलाई, गाडीभाडे. उरते ती तुमची रक्कम. पूर्वी यात अडतही कापत. अडत म्हणजे माल विकून दिल्याबद्दल अडत्याचा मेहनताना. जुलै 2016 मध्ये सरकारने नियम बदलला. फळे व भाजीपाला यांची अडत शेतकऱ्याकडून घ्यायची नाही, ती खरेदीदाराने द्यायची, असे ठरले. तुमच्या पट्टीत अडत दिसली तर त्यावर बोट ठेवा आणि विचारा, "ही कशाची?" भांडण करू नये. उत्तर मिळाले नाही तर बाजार समितीच्या कचेरीत पट्टी दाखवावी. म्हणून पट्टी चुलीत घालू नका, जपून ठेवा.

त्याच साली भाजी आणि फळे समितीच्या आवाराबाहेर विकायला मोकळीक झाली. राज्याच्या पणन मंडळाने शेतकऱ्यांच्या आठवडे बाजारांची मोहीमही काढली. त्या बाजारात शेतकरी किंवा शेतकऱ्यांचा गट स्वतः बसतो, मध्ये कोणी नाही. मोहिमेला संत सावता माळी यांचे नाव दिले. नाव चांगले शोधले, असे आम्हाला वाटते. सावतोबांचे अरण काही लांब नाही. इंदापूरहून भीमा ओलांडली की माढे तालुका, त्यातच अरण. आणि त्यांचा मळा भाजीचाच.

आता मुख्य गोष्ट. स्वतः विकले की नेहमीच जास्त पैसे मिळतात काय? लोक म्हणतात, मिळतात. आपण हिशेब करून बघू.

समजा, मेथीच्या 100 पेंड्या आहेत. अडत्याकडे 6 रुपये दर मिळाला. 600 रुपये झाले. हमाली व भाडे 120 गेले. हातात 480 आले.

तीच मेथी एक बाई बाजारात घेऊन बसली. 10 रुपयांना एक, अशा 60 पेंड्या गेल्या. 600 आले. मग ऊन चढले, मेथी मलूल झाली. 30 पेंड्या 5 रुपयांनी दिल्या. 150 आले. 10 उरल्या, त्या शेळीने खाल्ल्या. एकूण 750 जमा. टेंपोला 80, जागेच्या पावतीला 20, चहा-भजी 50. राहिले 600.

बाई खूश होऊन म्हणते, "गुरुजी, 120 रुपये जास्त आले की!"

आम्ही विचारतो, "बाई, तुमचा दिवस कुठे लिहिला?"

त्या दिवशी ती दुसऱ्याच्या रानात खुरपायला गेली असती, तर समजा 300 रुपये मजुरी मिळाली असती. ती वजा केली की मेथीचे 300 च उरतात. म्हणजे अडत्याकडे 180 जास्त होते! घरच्या माणसाचा दिवस फुकट धरायचा, ही आपली जुनी खोड आहे. बायकांचा तर हमखास फुकट धरतात. दोन-तीन बाजार करून लोक दमतात आणि म्हणतात, धंद्यात राम नाही. राम आहे, पण हिशेब पुरता मांडला पाहिजे.

मग करावे काय? एका घराने एकच भाजी घेऊन बसू नये. तीन घरांनी मिळून पाटी लावावी. एकाची मेथी-कोथिंबीर, दुसऱ्याची वांगी, तिसऱ्याचा शेवगा आणि लिंबे. पालेभाजी सकाळी खपते. शेवगा, लिंबे, भोपळा उरले तरी पुढच्या बाजाराला चालतात. गिऱ्हाईकही चार जिनसा एका ठिकाणी मिळाल्या की थांबते. बसायचे एकीने, पुढच्या गुरुवारी दुसरीने. जी बसेल तिची मजुरी आधी काढून ठेवायची.

तीन घरांचे 750 प्रमाणे 2250 जमा झाले असे धरू. टेंपो 170, पावती 20, चहा-भजी 50, मजुरी 300. एकूण खर्च 540. राहिले 1710. प्रत्येक घराला 570. पट्टीपेक्षा 90 रुपये जास्त, आणि बसणारीची मजुरी वेगळी. फार मोठी रक्कम नाही. पण ती दर आठवड्याला आहे, आणि खरी आहे.

बसण्याआधी दोन बाजार नुसते हिंडून पाहावे. कोणती भाजी ढिगाने येते, कोणती लवकर संपते, दुपारी भाव किती उतरतो, हे ध्यानात घ्यावे. जुन्या विकणाऱ्यांच्या जागा वहिवाटीने ठरलेल्या असतात. त्या बळकावू नयेत. विचारून बसले तर शेजारीण आपली पाटीही राखते. पैसे भरले की पावती घ्यावी, तिच्यावरची तारीख व रक्कम वाचावी. सातबारा व आधार कार्ड जवळ असावे.

दगडाने किंवा विटेच्या तुकड्याने तोलू नये. कायद्याने ते चालत नाही. वजनांवर आणि तागडीवर वजनमापे खात्याचा शिक्का लागतो. तो दर दोन वर्षांनी तपासून घ्यावा लागतो. विजेच्या काट्याचा दर वर्षी. सुटे पैसे घरूनच न्यावे, नाहीतर भवानीलाच अडायला होते. हल्ली पुष्कळ गिऱ्हाईक मोबाइलवरून पैसे देते. ते आपला मोबाइल दाखवून म्हणेल, "मावशी, गेले बघा." त्याचा नव्हे, आपला मोबाइल पाहा. आपल्या खात्यात रक्कम आली, हे वाचा, मग पिशवी हातात द्या.

एक वही करा. बाजारात बसल्या बसल्याच लिहा. घरी येईपर्यंत निम्मे विसरते.

अभ्यास

एका घराने 20 किलो वांगी नेली. 12 किलो 40 रुपयांनी गेली. 5 किलो 25 रुपयांनी गेली. 3 किलो उरली. खर्चाचा वाटा 90 रुपये, मजुरीचा वाटा 100 रुपये. घराला किती उरले ते वहीत मांडा. पुढच्या बाजाराला किती किलो न्यावीत, तेही घरात बोलून लिहा.