संगीतातील पीएच.डी. : पात्रता आणि संशोधनविषय

उद्दिष्टे
या पाठाच्या अध्ययनानंतर आपल्याला
(१) संगीतातील पीएच.डी.साठी आवश्यक पात्रता सांगता येईल.
(२) गायन आणि संगीतसंशोधन यांतील भेद स्पष्ट करता येईल.

१. प्रास्ताविक
मोहोळ तालुका पंढरपूरला लागून आहे. टाळ-पखवाजाच्या साथीने होणारे वारकरी भजन येथील विद्यार्थ्यांच्या परिचयाचे असते. काहींनी अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाची 'विशारद' परीक्षाही दिलेली असते. एवढ्या तयारीवर पीएच.डी. करता येईल का, असा प्रश्न साहजिकच पडतो. ही पदवी उत्तम गाण्यासाठी नव्हे, तर गाण्याविषयी नवे ज्ञान पुराव्यानिशी मांडण्यासाठी दिली जाते, हे प्रथम ध्यानात घ्यावे.

२. पात्रता
विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या विनियमांनुसार पदव्युत्तर पदवीला किमान ५५ टक्के गुण आवश्यक आहेत. अनुसूचित जाती-जमाती, इतर मागासवर्ग, दिव्यांग व आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्के सवलत आहे. चार वर्षांच्या पदवीनंतर थेट प्रवेशासाठी ७५ टक्के गुण लागतात. प्रवेश 'नेट' किंवा विद्यापीठाच्या प्रवेशपरीक्षेद्वारे मिळतो.

मान्यताप्राप्त मुक्त विद्यापीठाची पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची असते. पीएच.डी. मात्र दूरस्थ पद्धतीने करता येत नाही. नोकरी करणाऱ्यांना कार्यालयाचे ना हरकत प्रमाणपत्र घेऊन अर्धवेळ संशोधन करता येते. 'विशारद' ही विद्यापीठाची पदव्युत्तर पदवी नव्हे. मराठीतील एम.ए. संगीतासाठी ग्राह्य धरले जाईल का, हे संबंधित विद्यापीठाकडून आधी लेखी विचारून घ्यावे.

३. संशोधनाचे टप्पे
प्रवेशानंतर किमान १२ श्रेयांकांचा संशोधनपूर्व अभ्यासक्रम असतो. प्रत्येक सत्रात संशोधन सल्लागार समितीपुढे प्रगती मांडावी लागते. किमान कालावधी तीन व सर्वसाधारण कमाल सहा वर्षांचा असतो. प्रबंध किमान दोन बाह्य परीक्षक तपासतात आणि शेवटी खुली मौखिक परीक्षा होते.

४. विषयाची निवड
विज्ञान आणि कायदा या शाखांच्या पदवीधर असलेल्या डॉ. प्रभा अत्रे (१९३२–२०२४) यांनी 'सरगम' या विषयावर प्रबंध लिहिला. गाताना स्वरांची नावे उच्चारण्याची ही रीत त्यांच्या स्वतःच्या गायनातही होती. गायिकेच्या अनुभवातून अभ्यासविषय मिळाला, पण पदवी मिळाली ती विवेचनाला.

'वारकरी भजन' हा विषय प्रबंधासाठी फार व्यापक आहे. 'मोहोळ तालुक्यातील निवडक भजनी मंडळांत एकच अभंग कोणकोणत्या चालींत गायला जातो आणि त्यामुळे शब्दांवरील आघात कसा बदलतो?' हा प्रश्न मात्र तपासता येतो. त्यासाठी गायकांची संमती, ध्वनिमुद्रण, स्थळ-काळाची नोंद आणि स्वरलिपी आवश्यक आहे. अभंगाचा पाठ व छंद जाणणाऱ्या मराठीच्या विद्यार्थ्याला येथे विशेष लाभ होतो. अभंगाची संहिता छापील गाथेत टिकते. चाल मात्र कंठात राहते आणि नोंद न झाल्यास जाणत्या भजनी गायकाबरोबर नाहीशी होते. अशा नोंदीचे काम पीएच.डी.च्या प्रवेशापूर्वीही सुरू करता येते.

स्वाध्याय
(१) संगीतातील पीएच.डी.साठी आवश्यक पात्रता लिहा.
(२) आपल्या गावातील एका अभंगाच्या दोन चाली ऐकून त्यांतील फरक दहा ओळींत नोंदवा.